गिटारवरच बेस आणि ट्रेबल वेगळे असावेत का?

धागाकर्ता:

लिओ फेंडर यांनी १९५४ मध्ये आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर एक व्हॉल्यूम आणि दोन टोन (वरचे स्वर कापणारे) असे तीन नॉब होते. पहिला टोन मानेकडच्या म्हणजे नेक पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), दुसरा मधल्याचा, आणि तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळच्या ज्या पिकअपचा आवाज सर्वांत जास्त बोचतो त्याला टोनच नाही. स्वतःची कंपनी १९६५ मध्ये विकल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, जी अँड एल या त्यांच्या नव्या कंपनीच्या गिटारींवर व्हॉल्यूमखाली एक ट्रेबल (वरच्या स्वरांसाठी) आणि एक बेस (खर्जासाठी) आला आणि हे दोन्ही नॉब प्रत्येक पिकअपला लागू झाले. मी आठ महिन्यांपासून त्यांचीच लेगसी वाजवतो आहे आणि माझे स्पष्ट मत असे, की ही मांडणी जुनीपेक्षा अधिक शहाणपणाची आहे.

सवय मात्र सहज झाली नाही. माझ्या जुन्या गिटारवर शेवटचा नॉब मी ब्रिज पिकअपला जोडून घेतला होता, त्यामुळे आवाज टोचू लागला की करंगळी आपोआप तिकडे जाई. नव्या गिटारवर शेवटचा नॉब बेसचा; एका तालमीत तेच केले, तेव्हा ट्रेबल होता तिथेच राहिला, खर्ज तेवढा गेला आणि आवाज इतका किरटा झाला की ढोलकीवाल्याने वाजवता वाजवता मान वर करून पाहिले. दुसरा घोटाळा आकड्यांचा. घरच्या स्टिरिओवर नॉब मध्यावर असला की आवाज मूळ असतो, उजवीकडे वाढतो, डावीकडे घटतो. इथे दोन्ही नॉब दहावर असतात तेव्हा काहीच कापले जात नाही. बॅटरी नसलेल्या गिटारमध्ये वाढवायला शक्तीच नसते, तेव्हा जे काही करायचे ते काढूनच करावे लागते.

आता बेस सातच्या आसपास ठेवून ओव्हरड्राइव्हवर (आवाज मुद्दाम फाटवून) नेक पिकअप वाजवतो तेव्हा खालच्या दोन तारांवरची कॉर्ड गढूळ होत नाही, आणि हे काम साध्या टोनने कधीच झाले नसते.

पहिला प्रतिसाद (विरोधात):

अँपवर (अँप्लिफायरवर) बेस, मिडल आणि ट्रेबल असे तीन नॉब असताना तेच पुन्हा गिटारवर कशाला, हे मला या लेखनातून उमगले नाही. शिवाय सर्किटमध्ये जितके सुटे भाग वाढवाल तितका पिकअपवरचा भार वाढतो आणि वरचा झळाळ कमी होतो. खर्ज नकोच असेल तर उजवा हात ब्रिजकडे दोन बोटे सरकवावा. आवाज तिथेच कोरडा होतो, त्याला सोल्डरिंग लागत नाही.

दुसरा प्रतिसाद (दुरुस्तीचे काम करणारा):

भाराचा मुद्दा या सर्किटला लागू होत नाही. ट्रेबलचा नॉब नेहमीच्या टोनसारखाच वरचे स्वर जमिनीकडे वळवतो. बेसचे वेगळे आहे: सिग्नलच्या वाटेतच एक छोटा कपॅसिटर, बहुधा ०.००२२ मायक्रोफॅरडचा, असतो आणि त्याला समांतर एक मेगओहमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रोध. नॉब दहावर असताना सिग्नल कपॅसिटरला वळसा घालून निघून जातो, म्हणजे तो भाग जणू नसतोच. नॉब खाली आणावा तसा तो वळसा बंद होत जातो आणि खर्ज कपॅसिटरपाशी अडतो.

तरीही माझे मत धागाकर्त्याच्या विरुद्ध आहे, आणि ते नावामुळे. व्हॉल्यूमचा पॉट २५० किलोओहमचा धरला तर नॉब शून्यावर असताना साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे सगळे उतरणीला लागते. मोकळ्या सहा तारांचे मूळ स्वर ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्झ आहेत, म्हणजे त्यांपैकी पाच या उतरणीत सापडतात. याला बेस म्हणणे फसवे आहे; हा नॉब वाद्याचे अंगच कापतो. जुन्या गिटारीत हे सर्किट बसवायचे तर पॉट उलट्या लॉग टेपरचा, म्हणजे फिरवताना रोध सारख्या प्रमाणात न बदलणारा, लागतो. साधा घातला तर नॉब बराच फिरवूनही फरक जाणवत नाही, कारण सगळा बदल एका टोकाशी गोळा होतो. असा पॉट मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दोन दुकानांत विचारूनही मिळाला नव्हता.

धागाकर्ता:

आकडे मान्य, पण ते शून्यावरचे आहेत. मी सहाच्या खाली क्वचितच जातो.

अँपवर नॉब आहेतच, या आक्षेपाचे उत्तर मात्र जागेत आहे. अनेक अँपमध्ये बेस आणि ट्रेबलचे नॉब पहिल्या व्हॉल्व्हनंतर (सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या नळीनंतर) येतात, म्हणजे आवाज तिथेच फाटत असेल तर खर्ज आधीच चिखल करून बसलेला असतो आणि नंतर तो कमी करून चिखल निवळत नाही. ट्यूब स्क्रीमर हा आवाज फाटवणारा पायाखालचा पेडल आवाज फाटण्याआधी सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे कमी करतो, म्हणून तो इतका आटोपशीर वाटतो. गिटारवरचा बेस हेच काम हाताशी आणि हवे तेवढेच करतो. हात ब्रिजकडे सरकवणे चांगलेच, पण त्याने तारेवरचा आघातही बदलतो आणि तो दर वेळी नको असतो.

तिसरा प्रतिसाद:

खर्ज कापायला हरकत नाही, नॉबला आहे. १९६२ च्या जॅग्वार या फेंडरच्याच गिटारवर याच कामासाठी एक सरकता स्विच होता: वर किंवा खाली, संपले. मंचावर दिव्यांच्या झोतात सात की साडेसहा हे कोण पाहत बसणार?

पहिला प्रतिसाद देणारा:

भाराबद्दल माझे चुकले, ते मागे घेतो. मात्र पंधरा वर्षांत हाताला लागलेले वळण एका जास्तीच्या सोयीसाठी मोडावे, असे मला अजूनही वाटत नाही. दोन नॉब एकसारखेच दिसत असतील तर अंधारात ओळखता कसे?

धागाकर्ता:

बेसच्या नॉबला भाजीच्या जुडीचे रबर तीन वेढे देऊन बसवले आहे. करंगळीला ते लागले की ती आपोआप वरच्या नॉबकडे सरकते. ढोलकीवाल्याने त्यानंतर एकदाच मान वर केली, ती रबर तुटले त्या दिवशी.