मदत हवी आहे: विमा सोडून ताशी जास्त पैसे घ्यावेत का?

कंपनी म्हणतेय, कायम नोकरी सोडून कंत्राटावर या, ताशी दर २५ टक्क्यांनी वाढवून देतो. आरोग्य विमा, भरपगारी रजा, निवृत्तीनिधीतला त्यांचा वाटा मात्र बंद. आकडा ऐकायला गोड आहे. पण सुट्ट्या-आजारपणात वर्षाच्या ५२ पैकी ५ आठवडे बिनपगारी गेले, तर ती वाढ १३ टक्क्यांवरच येते! शिवाय खरी धास्ती विम्याची. बायकोला मधुमेह आहे. कंपनीच्या गटविम्यात कुणी काही विचारलं नव्हतं. स्वतंत्र पॉलिसीत जुन्या आजाराला प्रतीक्षा काळ लागेल, हप्ताही चढा असेल, असं एजंट सांगतो. असा बदल कुणी केलाय का? दर किमान किती मागावा? आणि नवी पॉलिसी हातात आल्यावरच सही करावी ना?