गोवरचा पेशंट येऊन गेला त्याच वेटिंग रूममध्ये आम्ही बसलो होतो, आता काय करू?

बाळाचीआई: परवा दुपारी बाळाला (८ महिने) घेऊन एका वेटिंग रूममध्ये पाऊण तास बसले होते, सोबत जाऊबाई, त्यांना पाचवा महिना चालू आहे. आज कळलं की त्याच दिवशी तिथे गोवरचा पेशंट येऊन गेला. पण तो गेल्यावर तासाभराने आम्ही पोचलो, म्हणजे समोरासमोर आलोच नाही, मग टेन्शन घ्यायचं का? बाळाला गोवरची लस अजून दिलेली नाही आणि माझं लहानपणीचं कार्ड काही सापडत नाहीये.

निवांत_७: समोरासमोर यायची गरजच नसते हो. पेशंट उठून गेला तरी विषाणू २ तासांपर्यंत हवेत राहू शकतो. आजच डॉक्टरांना फोन करा, कारण लस ७२ तासांच्या आत दिली तरच गोवर टळण्याची शक्यता असते, आणि तुमचे ४८ होत आलेत. ६ महिन्यांवरच्या बाळाला अशा वेळी देता येते, फक्त तो डोस हिशोबात धरत नाहीत, पुढचे दोन्ही घ्यावेच लागतात.

कडूलिंब: जाऊबाईंना मात्र ही लस चालणार नाही, प्रेग्नन्सीत देतच नाहीत. त्यांच्या डॉक्टरांना वेगळा फोन करा. रक्त तपासून अँटीबॉडी आहेत का बघतात, नसल्या तर इम्युनोग्लोब्युलिनचं (म्हणजे तयार अँटीबॉडींचं) इंजेक्शन असतं, ते ६ दिवसांच्या आत.

बाळाचीआई: बापरे. मग बाळाला घेऊन लगेच निघू का? ताप वगैरे काहीच नाही

दोनपोरांचाबाबा: आधी फोन, मग निघा. ते सांगतील कधी आणि कुठल्या दाराने यायचं, नाहीतर तिथल्या वेटिंग रूममध्ये तुमच्यामुळे तेच व्हायचं. आणि आज ताप नाही यावर जाऊ नका, लक्षणं दिसायला साधारण १० दिवस लागतात, कधी २१ पण. आमच्या थोरल्याला आधी ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, आम्ही आपले सर्दी समजून त्याला सगळीकडे फिरवत होतो आणि पुरळ उठलं चौथ्या दिवशी, आधी कपाळावर केसांच्या कडेला, मग खाली. पुरळ यायच्या ४ दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण होते हे तेव्हा माहीतच नव्हतं, अजून वाईट वाटतं.

बाळाचीआई: फोन झाला, संध्याकाळी शेवटी बोलावलंय. माझं कार्ड नाही तर मी पण घेऊ का?

निवांत_७: तुम्ही स्वतः प्रेग्नंट नसाल तर त्यांना विचारून घेऊन टाका, आधी घेतलेली असली तरी परत घेतल्याने बिघडत नाही.