दाई, आया की दूधआई? फ्रान्स हाल्सच्या चित्राचं मराठी नाव

प्रश्न: बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरी या चित्रसंग्रहालयात डच चित्रकार फ्रान्स हाल्सचं १६१९-२० च्या सुमाराचं एक चित्र आहे. भरजरी झग्यातली चिमुकली कॅथरीना होफ्ट आणि तिला कडेवर घेतलेली, गडद कपड्यांतली बाई. या बाईला मराठीत काय म्हणावं? 'नर्स' म्हटलं की दवाखाना आठवतो, 'दाई' म्हटलं की सुईण.

उत्तर: दूधआई. डच भाषेत चित्राच्या नावात 'मिन' आहे, म्हणजे दुसरीच्या लेकराला अंगावर पाजणारी. संभाजीराजांना पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊंना आपण दूधआईच म्हणतो. शिवाय मुलीचा एक हात कुठे आहे बघा, थेट बाईच्या छातीवर. इतका हक्काचा हात 'आया' या शब्दात मावत नाही.

आणखी एक मत: 'दाई' अगदीच चूक नाही. मूळ फारसी 'दाया' म्हणजे पाजणारी, सांभाळणारीच. पण आजच्या वाचकाला तो अर्थ लागणार नाही. 'आया' पोर्तुगीजांकडून आलेला; त्यात सांभाळणं आहे, दूध नाही. माझंही मत दूधआईला.

प्रश्नकर्ता: पटलं. मुलीच्या दुसऱ्या हातातल्या घुंगरांच्या सोनेरी वस्तूला 'खुळखुळा' चालेल? आणि बाईच्या हातातलं फळ कशाचं प्रतीक?

उत्तर: खुळखुळाच. तो खेळणं तर आहेच, पण सोन्याचा खुळखुळा घराण्याची ऐपतही सांगतो. फळाबद्दल मात्र मी 'प्रतीक' शब्द जपून वापरेन. बाई फळ पुढे करतेय आणि तेवढ्यात दोघीही आपल्याकडे बघतात. हाल्सची खरी करामत मला या क्षणात दिसते. फळावर मोठा अर्थ लादला की तो क्षणच हरवतो.

तंत्राबद्दल लिहिताना 'फटकारे' हा शब्द सरसकट नको. हाल्स मोकळ्या फटकाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे खरा, पण इथे मुलीच्या कपड्यांवर त्याने बारीक कलाकुसर केली आहे. लेसची जाळी आणि कापडावरची सोनेरी वेलबुट्टी अगदी निगुतीने रंगवली आहे. त्या कापडाला 'ब्रोकेड' लिहू नका, 'किनखाब' हा शब्द आपल्याकडे आहे. 'लेस' मात्र लेसच ठेवा. 'झालर' म्हटलं तर चुण्यांची पट्टी समजेल आणि जाळीकाम निसटेल.

प्रश्नकर्ता: मग नाव देतो, 'कॅथरीना होफ्ट आणि तिची दूधआई'.