स्वतःलाच ओवाळणाऱ्यांच्या वतीनं

गावभागकर: परवा विश्रामबागच्या साहेबांनी टाकलं, "ब्लॉग म्हणजे स्वतःच ताट घेऊन स्वतःलाच ओवाळणं. भाच्याला दात आला, त्यावर आठशे शब्द. वाचतं कोण?" भाचा माझाच, म्हणून हे लांबण. २००५च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीला टेकलं. आज्जीनं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, मी ते ब्लॉगवर लिहिलं. तेव्हा युनिकोडचे वांधे, निम्म्यांना नुसते चौकोन दिसायचे. पण २०१९ला गल्लीतल्या दोन घरांनी तोच लेख वाचून वेळेत सामान माडीवर चढवलं. पाणी तेराव्या पायरीला गेलं, ते वेगळं.

विश्रामबाग: आमच्याकडं पूर येत नाही, ब्लॉग येतो. मेव्हण्यानं एका लग्नाचं वर्णन लिहिलं. नाव नाही, गाव नाही, फक्त "आमरसात पाणी जास्त अन् मानपानात आमरस कमी." व्याह्यांनी दुसऱ्या ओळीला ओळखलं. दोन दिवाळ्या येणंजाणं बंद! लेख काढला, पण स्क्रीनशॉट तोवर कवठ्यापर्यंत पोचलेला.

हळदीचं पेव: वाक्य भारी आहे पण. मेव्हण्याला सांगा, लिहीत राहा.

माझं दुखणं निराळं. भडंगाची कृती लिहिली होती, लसूण कधी काढायचा इथपर्यंत. ती व्हॉट्सॅपवर मलाच परत आली, खाली लिहिलेलं "अस्सल कोल्हापुरी". चोरी एकवेळ सोसेन, कोल्हापूर नाही.

मिरज जंक्शन: २००५ला आयर्विन पुलापाशी ५३ फूट, २०१९ला ५७च्या वर. धोक्याची पातळी ४५. पायऱ्या कसल्या मोजताय, खाली कर्नाटकात कृष्णा अडवणाऱ्या अलमट्टी धरणाचं बोला.

गावभागकर: आलं अलमट्टी. विषय ब्लॉगचा आहे.

नदीकाठ: सरकारनं पुराच्या अभ्यासाला नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. आधी वाचा. पाऊस किती दिवसांत किती पडला ते बघा, पात्रात काय काय बांधलंय ते बघा.

मिरज जंक्शन: समिती कागदावर. अलमट्टीची ५१९ मीटरची उंची ५२४ करायची म्हणतात, तेव्हा पाणी तुमच्या समितीच्या घरात सोडायचं का? एवढं कळतंय तर पाटबंधारे खात्यात होता काय?

नदीकाठ: होतो. एकतीस वर्षं.

मिरज जंक्शन: मग तर बोलायलाच नको, तुमच्यामुळंच बुडालो.

नदीकाठ: तोंड सांभाळा. त्या आठवड्यात मी घरी जेवलो नव्हतो.

हळदीचं पेव: काका, हेच लिहा की कुठंतरी! हरिपूरची पेवं, हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, २००५ला पाण्यात गेली, माझ्या वडलांनी एक ओळ लिहून ठेवली नाही. आता विचारायला तेही नाहीत.

नदीकाठ: मला टायपिंग जमत नाही. हे नातू टाकतोय.

विश्रामबाग: बरं बाबा, पुराचं लिहा. पूर आला तरच लिहा, असा नियम करू. दाताचं नको. गावभागकर, तो २००५चा लेख पाठवा, फक्त तोच.

गावभागकर: पाठवला. शब्द आहेत. फोटो ज्या फुकट साइटवर ठेवले होते ती बंद पडली, त्यामुळं रेघेच्या जागी रिकामा चौकोन दिसेल.

विश्रामबाग: मग भिंतीचा आत्ता काढा की.

गावभागकर: २०१९नंतर रंग दिला साहेब.