स्टॅनिस खरोखर मेला आहे का? ‘द विंड्स ऑफ विंटर’विषयी

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

सप्रेम नमस्कार. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरी-मालिकेचा पाचवा खंड, ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’, जुलै २०११ मध्ये आला. तेव्हापासून सहाव्याची, म्हणजे ‘द विंड्स ऑफ विंटर’ची, वाट पाहताना माझी प्रत तीनदा वाचून झाली असून, बांधणी सुटल्यामुळे ती आता रबर लावून ठेवावी लागते. या खेपेस शेवटच्या काही प्रकरणांपाशी मी पुन्हा अडकलो. विंटरफेल किल्ला बळकावून बसलेल्या बोल्टन घराण्याचा रॅमसे हा उत्तरेच्या भिंतीवरील पहारेकऱ्यांचा प्रमुख जॉन स्नो याला पत्र पाठवतो की, सात दिवसांच्या लढाईत राजसिंहासनाचा दावेदार स्टॅनिस आणि त्याचे सारे सैन्य संपले. या कादंबऱ्यांवरील ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने स्टॅनिसला २०१५ मध्येच मारले, म्हणून बहुतेक मित्र हे पत्र खरे मानतात. मला मात्र ते पटत नाही, कारण ती लढाई मार्टिन यांनी आपल्याला अजून दाखवलेलीच नाही. आपणास काय वाटते?

पानोपान

आपली शंका रास्त आहे, आणि तिला आधारही आहे. सहाव्या खंडातील थिऑनचे (हा तेव्हा स्टॅनिसचा कैदी आहे) जे प्रकरण लेखकाने आधीच प्रसिद्ध केले आहे, ते अवश्य वाचावे. त्यात स्टॅनिस आपला सरदार जस्टिन मॅसी याला भाडोत्री सैन्य आणण्यासाठी समुद्रापलीकडच्या ब्राव्होस शहरी पाठवतो आणि बजावतो की, माझ्या मृत्यूची बातमी कानावर आली, कदाचित ती खरीही असली, तरी हाती घेतलेले काम सोडायचे नाही. आपल्या मरणाची आवई उठू शकते हे ज्याने आधीच गृहीत धरले आहे, तो ती स्वतःच उठवणार नाही कशावरून? त्याच्या सैन्यात सामील झालेल्या कारस्टार्क घराण्याची फितुरी त्याला कळली आहे, आणि त्यांचा मेस्टर (पदरचा विद्वान सल्लागार) ज्या निरोप्या कावळ्यांकरवी बोल्टनांना खबर देत होता, ते कावळेही आता त्याच्या ताब्यात आहेत. म्हणजे विंटरफेलला काय कळावे, हे ठरवणे बऱ्याच अंशी त्याच्याच हाती आले आहे.

आता तळ्याकडे पाहावे. स्टॅनिसची छावणी गोठलेल्या तळ्यांच्या काठी आहे आणि उपाशी सैनिकांनी मासे धरण्यासाठी बर्फाला जागोजागी भोके पाडली आहेत. म्हणून अनेक वाचकांचा तर्क असा आहे की, टेहळणी बुरुजावरचा जाळ विझवून तळ्यातील बेटावर दुसरा पेटवला जाईल आणि हिमवादळात त्या उजेडाच्या रोखाने येणारे, बोल्टनांच्या बाजूच्या फ्रे घराण्याचे घोडेस्वार बर्फासकट पाण्यात जातील. हा तर्कच आहे, पण त्याचे सामान मार्टिन यांनी आपल्या डोळ्यांदेखत मांडून ठेवले आहे.

निफाडकर

उजेडाच्या मुद्द्यावर थोडे अनुभवाचे सांगतो. आमच्याकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरला की, द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. धुके दाट असेल तर शेजारच्या बागेतली शेकोटी नुसती तांबूस डागासारखी दिसते. ती पन्नास पावलांवर आहे की पाचशे, आणि वाटेत पाट आहे की बांध, हे रोजच्या पायाखालच्या वाटेवरही सांगता येत नाही. परक्या मुलखात, वादळात घोडा दामटणाऱ्याची काय गत होईल, हे मला ते वाचताक्षणी पटले.

उत्तरसीमा

स्टॅनिस जिवंत आहे हे मलाही मान्य आहे, परंतु तळ्यावरचा विजय अंतिम मानू नये. शिवाय पत्राचा खरा परिणाम जॉनवर झाला आहे. ते भर सभेत वाचून तो विंटरफेलवर निघण्याची घोषणा करतो आणि लगेच त्याच्यावर सुरे चालतात. कोसळताना त्याच्या तोंडी आपल्या लांडग्याचे, घोस्टचे, नाव येते. पाचव्या खंडाच्याच प्रारंभी प्राण्यांच्या अंगात शिरू शकणारा वॅरामिर मरतो आणि त्याचा जीव लांडग्यात जातो, हे प्रकरण मार्टिन यांनी उगाच लिहिलेले नाही. स्टॅनिसची अग्निपूजक पुरोहित मेलिसांड्रे जॉनला मरणातून उठवील असे मी धरून चालतो. पण तोवर तो घोस्टमध्ये किती काळ राहील आणि परतताना लांडग्याचे किती घेऊन येईल, याची मला अधिक उत्कंठा आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सहावा खंड कोरा हाती यावा म्हणून थिऑनचे ते प्रकरण मी इतकी वर्षे मुद्दाम वाचले नव्हते. आज रात्री वाचतो आणि मॅसीला दिलेला तो आदेश पत्राशेजारी ठेवून पाहतो.