शेक्सपिअर रेनेसाँचा की गावच्या चौकातल्या नाटकांचा?

रानवाट

एम.ए. इंग्लिशच्या नोट्स बघितल्या की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, तिथले विद्वान ग्रीक पोथ्या घेऊन इटलीत पळाले, त्यातून रेनेसाँ (प्राचीन ग्रीक-लॅटिन विद्येचं पुनरुज्जीवन) झाला, तो इंग्लंडला पोचला आणि मग शेक्सपिअर. मला ही साखळीच पटत नाही. फ्लॉरेन्समध्ये मानुएल क्रिसोलोरास १३९७ पासून ग्रीक शिकवत होता आणि इटालियन कवी पेट्रार्क तर १३७४ लाच वारला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या कितीतरी आधी तिकडे सगळं सुरू झालेलं होतं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाय. इंग्लिश नाटकाचा सांगाडा देशी आहे, इटलीहून आलेला नाही. यॉर्क, कॉव्हेंट्री अशा शहरांत कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला शिंपी, सुतार, लोहार यांच्या संघटना बायबलमधल्या गोष्टींची नाटकं गाड्यांवर, भर रस्त्यात करायच्या. कॉव्हेंट्रीची नाटकं १५७९ पर्यंत चालू होती, तेव्हा शेक्सपिअर १५ वर्षांचा होता आणि स्ट्रॅटफर्डपासून कॉव्हेंट्री फार तर तीसेक किलोमीटर. तिथल्या शिंप्यांच्या नाटकात हेरोद राजा चिडला की गाडीवरून उतरून थेट रस्त्यात थयथयाट करतो, तशी सूचनाच संहितेत लिहिलेली आहे. आणि हॅम्लेट नटांना आक्रस्ताळेपणा करू नका म्हणून सांगतो तेव्हा नाव कुणाचं घेतो? हेरोदचंच.

मॅकबेथ बघा. राजाचा खून झालाय, हात रक्ताने माखलेत, दारावर थाप पडते आणि स्टेजवर येतो कोण तर दारू प्यायलेला दरवान, जो स्वतःला नरकाचा दरवान समजून बडबडतो. ख्रिस्त नरकाचं दार फोडतो तो प्रसंग या गावच्या नाटकांत लोक पिढ्यानपिढ्या बघत होते. इटलीचं साहित्यशास्त्र वाचलेला कवी फिलिप सिडनी आपल्या काव्यविषयक निबंधात नेमकी हीच तक्रार करतो, की आमचे नाटकवाले राजे आणि विदूषक एकत्र कोंबतात, स्थळकाळाचं भान ठेवत नाहीत. तो निबंध छापला १५९५ मध्ये. शेक्सपिअरने त्यातलं काही ऐकलं नाही म्हणून तो शेक्सपिअर झाला, असं माझं ठाम मत आहे.

शाई_दौत

प्रचंड असहमत. दरवानाचं उदाहरण चांगलंय, पण त्याच नाटकात मॅकबेथ ज्या छंदात बोलतो तो कुठून आला ते पण सांगा ना. बिनयमकाचं ते दहा अक्षरी वृत्त, म्हणजे ब्लँक व्हर्स, इंग्रजीत आणलं अर्ल ऑफ सरेने, रोमन कवी व्हर्जिलच्या इनीड या महाकाव्याचे दोन सर्ग भाषांतरित करताना. सरेचं डोकं १५४७ मध्ये उडवलं, म्हणजे हे त्याच्या आधीचं. मग १५६२ च्या सुमाराला गॉर्बोडक नावाचं नाटक त्या वृत्तात आलं, रोमन नाटककार सेनेकाच्या वळणाचं, आणि १५८७ मध्ये नाटककार ख्रिस्तोफर मार्लोने टॅम्बर्लेन नाटकात त्याच वृत्तात अशी काही ताकद भरली की मग मागे वळून बघायची गरजच उरली नाही. व्हर्जिल, सेनेका, मार्लो, शेक्सपिअर ही सरळ रांग आहे. कॉव्हेंट्रीच्या शिंप्यांकडे यमकं होती, हे नव्हतं.

दुसरं म्हणजे शाळा. स्ट्रॅटफर्डच्या ग्रामर स्कूलमध्ये पोरं दिवसभर लॅटिन घोकायची, रोमन कवी ऑव्हिड पाठ करायची, एकच गोष्ट दहा प्रकारे कशी मांडायची याचा सराव करायची. ही शाळा इरॅस्मस आणि जॉन कोलेट या ह्युमनिस्टांच्या, म्हणजे ग्रीक-लॅटिन ग्रंथांकडे वळलेल्या पंडितांच्या, विचारातून उभी राहिली. टेम्पेस्टमध्ये प्रॉस्पेरो आपली जादू सोडून देतानाचं भाषण काढा आणि ऑव्हिडमधलं मेडिया या चेटकिणीचं भाषण काढा, आर्थर गोल्डिंगने १५६७ मध्ये इंग्रजीत आणलेलं. शेक्सपिअरने जवळजवळ शब्दांसकट उचललंय.

मु_पो_मिरज

उचललंय हा शब्द बरोबर आहे, पण उचलल्यावर काय केलं तेही बघू. अँटनी अँड क्लिओपात्रामध्ये क्लिओपात्रा नावेतून येते त्याचं वर्णन एनोबार्बस करतो. हे प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कच्या चरित्रांतून आलंय, ग्रीकमधून फ्रेंच आणि फ्रेंचमधून थॉमस नॉर्थचं इंग्रजी, १५७९ चं. नॉर्थकडे नावेचा मागचा भाग सोन्याचा आहे, शिडं जांभळी आहेत, वल्ही चांदीची आहेत आणि ती बासऱ्यांच्या तालावर पडतात. शेक्सपिअरमध्ये हे सगळं जसंच्या तसं. फक्त त्याच्याकडे शिडांना असा सुगंध आहे की वारा त्यांच्या प्रेमात पडून आजारी झालाय, आणि वल्ह्यांचा मार खाणारं पाणी त्या माराच्या ओढीने मागे मागे धावतंय. नॉर्थकडे सामानाची यादी होती, शेक्सपिअरने तिच्यात वासना भरली. हे ना प्लुटार्कमध्ये आहे ना शाळेत शिकवलेलं. त्यामुळे माझं मत रानवाट यांच्या बाजूला.

शाई_दौत

पण यादी आली कुठून? ग्रीक ग्रंथ शोधा, भाषांतर करा, छापा, विका, हे सगळं चालू होतं म्हणूनच कॉलेजात न गेलेल्या एका माणसाच्या हातात प्लुटार्क पडला. यालाच मी रेनेसाँ म्हणतो.

निळी_पेन्सिल

तुम्ही सगळे नाटकातच अडकलात म्हणून कवितेकडे वळते. थॉमस वायट, आठव्या हेन्रीच्या दरबारातला, १५२७ मध्ये इटलीला जाऊन आला आणि त्याने पेट्रार्कची सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, इंग्रजीत आणली. त्यातलं एक हरिणीचं आहे. पेट्रार्ककडे पांढरी हरिणी, सोन्याची शिंगं, दोन नद्यांमध्ये हिरवळ, लॉरेलची सावली, तिच्या गळ्यात हिरे आणि पुष्कराजांनी लिहिलेलं की मला कुणी शिवू नका, माझ्या सीझरने मला मुक्त केलंय. कवी बघत राहतो, पाण्यात पडतो, हरिणी दिसेनाशी होते. दर्शनच आहे ते.

वायटच्या कवितेत यातलं निसर्गाचं काहीच उरत नाही. तिथे शिकार चालू आहे, बरेच शिकारी आहेत, हा सगळ्यात मागे पडलाय, दमलाय, जाळ्यात वारा पकडायला निघाल्यासारखं वाटतंय असं म्हणतो. आणि गळ्यातल्या हिऱ्यांत काय लिहिलंय, तर मला शिवू नका, कारण मी सीझरची आहे. मुक्त नाही, मालकीची! ही हेन्रीच्या राणीवर, ॲन बुलीनवर लिहिली असा तर्क लोक फार आधीपासून करत आलेत, आणि तो खरा असो नसो, १५३६ मध्ये ॲनला मारलं तेव्हा वायटही लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता हे मात्र खरं. ज्या दरबारात राजाच्या मर्जीवर डोकं राहतं किंवा जातं तिथे पेट्रार्कची दैवी हरिणी राजाची मालमत्ता होते. मला प्रभाव म्हणजे हाच वाटतो. साचा परका, भीती स्वतःची. त्यामुळे देशी की परदेशी हा वादच मला चुकीचा वाटतो.

जाता जाता, हाच चौदा ओळींचा साचा पुढे केशवसुतांनी मराठीत आणला, आणि आपल्याकडे कुणी त्यांना पेट्रार्कचे शिष्य म्हणत नाही.

रानवाट

हरिणीचं फारच सुंदर सांगितलंत. पण वाद चुकीचा हे मान्य नाही, कारण श्रेय कुणाला जातं यावरून आपण काय वाचतो ते ठरतं. वायट अभ्यासाला असतो, कॉव्हेंट्रीचे शिंपी बऱ्याच ठिकाणी एका ओळीत उरकतात. आणि ह्युमनिस्ट लोकांचं इंग्रजीवर इतकंच प्रेम होतं तर थॉमस मोरने १५१६ मध्ये युटोपिया हे पुस्तक लॅटिनमध्ये का लिहिलं आणि ते इंग्लंडबाहेर लूव्हाँला का छापलं? इंग्रजीत यायला १५५१ उजाडलं, तोवर मोरला मारून सोळा वर्षं झाली होती. ही पंडितांनी पंडितांसाठी केलेली चळवळ होती.

आणि शाई_दौत, जुन्या इंग्लिश कवी चॉसरचं काय? तो १४०० मध्ये वारला. त्याच्या कॅन्टरबरी टेल्समधल्या यात्रेकरूंमध्ये जितकी जिवंत माणसं आहेत तितकी नंतरच्या किती ह्युमनिस्टांना जमली?

शाई_दौत

चॉसर तर माझा साक्षीदार आहे! तो राजाच्या कामासाठी १३७२-७३ मध्ये जेनोवा आणि फ्लॉरेन्सला गेला होता. त्याचं ट्रॉयलस हे काव्य इटालियन लेखक बोकाचिओच्या काव्यावरून आहे आणि त्यात ट्रॉयलसच्या तोंडी पेट्रार्कचं एक अख्खं सुनीत घातलंय, वायटच्या दीडशे वर्षं आधी. तुम्ही इटलीच्या विरोधात ज्याला उभा करताय तो स्वतः इटलीतून शिकून आलेला आहे.

ओसरी

पंडितांसाठीची चळवळ यावर बोलायचंय. इरॅस्मसने १५१६ मध्ये बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमध्ये छापला. विल्यम टिंडेलने तो ग्रीक समोर ठेवून साध्या इंग्रजीत भाषांतर केलं आणि १५२६ मध्ये जर्मनीत व्होर्म्सला छापून घेतलं, कारण इंग्लंडमध्ये ते शक्यच नव्हतं. प्रती चोरून लंडनला आल्या, सापडल्या तशा जाळल्या, आणि १५३६ मध्ये टिंडेललाही गळा आवळून मग जाळलं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधल्या नव्या कराराचा फार मोठा भाग त्याच्याच शब्दांत आहे. म्हणजे मूळ ग्रीककडे जा हा अगदी पंडिती आग्रह, आणि त्याचं फळ काय, तर नांगर धरणाऱ्या पोरालाही कळेल असं गद्य. बनियनसारखा तांब्याची भांडी दुरुस्त करणारा माणूस पुढे लेखक झाला तो हेच बायबल वाचून. हे धर्मसुधारणेत टाका नाहीतर रेनेसाँत, इंग्रजी वाक्याची लय यातून घडलीय आणि याबद्दल इथे अजून कुणीच बोललं नाही याचं मला वाईट वाटतं.

निळी_पेन्सिल

ओसरी, यात एक भर. त्या ग्रामर स्कूलमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. शेक्सपिअरची धाकटी मुलगी ज्युडिथ कागदावर सहीच्या जागी खूण करायची. मेरी सिडनीसारखी सरदार घरातली बाई स्तोत्रांची उत्तम काव्यरूपं करू शकली कारण घरी शिक्षक होते. रेनेसाँचं श्रेय मोजताना कुणाच्या वाट्याला तो आलाच नाही हेही मोजायला हवं.

रानवाट

शंभर टक्के. गावची नाटकं मात्र बायकापोरं सगळीच बघायची.

आता एक शेवटचं विचारतो. मार्लोचं डॉक्टर फॉस्टस, म्हणजे सैतानाला आत्मा विकणाऱ्या पंडिताची गोष्ट, हे रेनेसाँचं सगळ्यात मोठं नाटक म्हणून शिकवतात, ज्ञानाची भूक वगैरे. पण त्यात चांगला देवदूत आणि वाईट देवदूत येतात, सात पापं स्टेजवर येऊन आपापली ओळख करून देतात, शेवटी सैतान आत्मा घेऊन जातो. हे सगळं जुन्या नीतिनाटकांतलं, म्हणजे पाप-पुण्याचीच पात्रं करून धडा देणाऱ्या नाटकांतलं आहे. मार्लोने नवीन काय केलं?

शाई_दौत

शेवटचा तास. घड्याळात अकराचे ठोके पडलेत, बारा वाजता सैतान न्यायला येणार, आणि फॉस्टस रात्रीच्या घोड्यांना सावकाश धावा म्हणून विनवतो, लॅटिनमध्ये. ती ओळ ऑव्हिडच्या शृंगारिक कवितांची आहे, तिथे प्रियकराला पहाट नको असते कारण प्रेयसी मिठीत आहे. मार्लोने त्या कविता स्वतः भाषांतरित केल्या होत्या आणि १५९९ मध्ये बिशपांच्या हुकमाने त्यांच्या प्रती जाळल्या गेल्या. जन्मभर पुस्तकं वाचलेला माणूस मरताना देवाचं नाव घ्यायच्या वेळी त्याच्या तोंडून ऑव्हिड येतो. सैतान तुमच्या नीतिनाटकांतला, मान्य. पण त्यातल्या पापी माणसाला कधी असं स्वतःचं मन होतं का, जे त्या क्षणीसुद्धा भलतीकडे जातं? असं एक तरी उदाहरण दाखवा.

रानवाट

एव्हरीमॅन हे जुनं नीतिनाटक वाचा, मग बोलू. मरण दारात आल्यावर तो आधी मित्रांकडे जातो, मग नातेवाइकांकडे, मग साठवलेल्या पैशाकडे, देवाकडे सगळ्यात शेवटी. मन भलतीकडे जाणं म्हणजे हेच, आणि ते ऑव्हिडशिवाय केलंय.