पॉवर सप्लाय म्हणजे चार्जर नव्हे

२४ व्होल्टचा औद्योगिक पॉवर सप्लाय २५.२ व्होल्टपर्यंत वाढवून सहा सेलचा लिथियम पॉलिमर बॅटरी पॅक चार्जिंगसाठी थेट त्यालाच जोडावा, असे काही जण सुचवतात. कृपया तसे करू नये. आउटपुटच्या टर्मिनलशेजारचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज नेमके जुळवता येते हे खरे, पण प्रश्न करंटचा आहे. उतरलेला पॅक सुमारे २१ व्होल्टवर असतो आणि पॅक व वायर मिळून रोध ०.०५ ओहम धरला, तर ४.२ व्होल्टच्या फरकाने ८४ अँपिअर वाहू पाहतील. १० अँपिअरचा सप्लाय ते देऊ शकत नाही. पुष्कळ सप्लाय अशा वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होण्याच्या चक्रात अडकतात आणि आतून टिक-टिक ऐकू येते. शिवाय प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या आत आहे की नाही, यावर कोणाचेच लक्ष राहत नाही.

सप्लाय २४ व्होल्टवरच ठेवून त्यावर बॅलन्स चार्जर, म्हणजे प्रत्येक सेलचे व्होल्टेज वेगळे पाहून ते समान ठेवणारा चार्जर, चालवणे योग्य. २४ व्होल्ट, १० अँपिअरच्या सप्लायच्या २४० वॅटपैकी चार्जरमधली घट आणि थोडी राखीव क्षमता वजा करता २०० वॅट हाती उरतात, म्हणजे सहा सेलच्या पॅकला साधारण ८ अँपिअर. चार्जरला २४ व्होल्टचा इनपुट चालतो का, हे मात्र आधी पाहावे.

आणखी एक, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: या सप्लायचे मेन्सचे (घरच्या विजेच्या जोडणीचे) स्क्रू बहुधा उघडेच असतात. त्यांवर झाकण बसवावे आणि धातूच्या पेटीचे अर्थिंग कधीही काढू नये.